टेबलावर ठेवलेला कप

सोमवार, ४ मार्च

सूनबाईस,

पाकिटावरचं अक्षर माझं दिसलं असतं तर तू हे उघडलं नसतंस. म्हणून पत्ता तुझ्या सासऱ्यांकडून लिहून घेतला. त्यांचं अक्षर सरळ आहे आणि त्यांच्याशी तुझं काही वाकडं नाही. आता फसून उघडलंच आहेस तर वाचून टाक. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, त्यामुळे कुठे चुकलं तर सांभाळून घे. आणि मी बोलायला लागले की कुठून कुठे जाते हे तुला माहीत आहेच, लिहितानाही तसंच होणार.

तर गोष्ट अशी. गेल्या गुरुवारी सकाळी मी अंथरुणात उजव्या कुशीवर वळले आणि खोली फिरली. मी नाही फिरले हं, खोली फिरली. कपाट वर गेलं, खिडकी खाली आली, परत कपाट वर. मी पलंगाची कड घट्ट धरून ओरडले, तर तुझे सासरे दाढीचा फेस तोंडावर घेऊन आले आणि म्हणतात, "इतकी वर्षं तू मला फिरवलंस, आज खोलीची पाळी आलेली दिसते." असा माणूस. पण फेस तसाच ठेवून तासभर माझा हात धरून बसले होते, वाळून पांढरे पापुद्रे झाले गालावर.

मला वाटलं, झालं, आता आपलं आवरलं. आणि खरं सांगते, त्या वेळी मला देव आठवला नाही, तुझे सासरे तर समोरच होते. मला बटण आठवली. तुम्ही तिला आता शाळेतल्या नावाने हाक मारत असाल, पण माझ्यासाठी ती बटणच, कोटाच्या बटणाएवढं नाक घेऊन जन्माला आलेली. सहा वर्षं झाली तिला बघून. रविवारी चिरंजीवांचा फोन येतो तो वडलांना, शेवटी "आईला विचारलंय म्हणून सांगा" एवढं असतं. एकदा फोटो दाखवला होता. कानामागचं यंत्र निळं आहे. शोभतं तिला.

त्या कपाच्या गोष्टीबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाही. तू तेव्हा जे बोललीस ते बोललीस. पोर दहा महिन्यांची होती, मी तिच्यामागे कप वाजवला, ती वळली, मी म्हटलं हिला ऐकू येतंय. वळली ती वळलीच, माझ्या डोळ्यांदेखत. पुढे तिला ऐकू येत नाही असं निघालं, त्याला मी काय करू? चाळीस वर्षं कपबशांच्या कारखान्यात कप वाजवून काढली मी. तडा कुठे आहे ते कानाने सांगायची.

बघ, लिहिणार नाही म्हटलं आणि लिहिलं.

बुधवारी कानाच्या डॉक्टरकडे नेणार आहेत मला. चक्कर आली तर कानाकडे कशाला, हे कुणी समजावलं नाही.

तुझी सासू


मंगळवार, १२ मार्च

सूनबाईस,

तू उत्तर पाठवलं नाहीस. मी वाट बघत नव्हते. पोस्टमनने आमच्या दारावरून पुढे जाताना "काही नाही आजी" म्हटलं एवढंच.

पण हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. शेजारणीला तीनदा सांगून झालं, आता ती मला बघून दार लावते.

डॉक्टर म्हणजे बाई आहे, तुझ्याच वयाची, केस आखूड, हात गार. तिने मला उंच बाकावर बसवलं, माझं डोकं दोन्ही हातांत धरलं, उजवीकडे वळवलं आणि एकदम मागे आडवं केलं, मान बाकाच्या कडेवरून खाली लोंबकळत. खोली फिरली! मी डोळे मिटले तर म्हणते, "उघडे ठेवा आजी, तुमचे डोळेच मला सांगणार आहेत." माझी बुबुळं म्हणे भुर्रभुर्र फिरत होती. ती बघून तिने ओळखलं की बिघाड कुठल्या कानात आहे आणि कानातल्या कुठल्या कोपऱ्यात. चिमटा नाही, सुई नाही, काही आत घातलं नाही. कानातला बिघाड डोळ्यांत वाचला बाईने!

म्हणाली, "खडे सुटलेत."

मी म्हटलं, "बाई, चाळीस वर्षं मातीच्या धुळीत बसलेय, गेले असतील कानात." तर हसायला लागली. हे खडे आपलेच असतात म्हणे, सगळ्यांना असतात, जन्माआधीपासून. पिठापेक्षा बारीक. आणि कशाचे, तर खडूचे! ज्या खडूची भुकटी आम्ही कपांच्या चकाकीसाठी पोत्यांनी कालवायचो, तोच प्रकार. कानात खोल आत एक मऊ गादी असते, तिच्यावर हे खडे बसलेले. आपण मान कलती केली की खडे घसरू बघतात, गादी ओढली जाते आणि आपल्याला कळतं खाली कुठे आहे ते. अंधारातसुद्धा. मी इतकी वर्षं अंधारात उठून पाणी पीत आलेय, कधी विचार केला नाही की मला जमीन कुठे आहे हे कोण सांगतं. डोळे मिटून बघ, तुलाही कळेल खाली कुठे ते. खडूने सांगितलं ते!

आणि त्या गादीशेजारी तीन कड्या आहेत, पाण्याने भरलेल्या. तिने कागदावर काढून दाखवल्या. अगं, हुबेहूब कपाचे कान! एक उभा, एक आडवा, एक तिरका. डोकं फिरलं की आतलं पाणी हलतं, आणि पाणी कुठल्या कडीत हललं त्यावरून आपण कुठे वळलो ते कळतं. माझे चार खडे गादीवरून निसटून एका कडीत पडले होते. मी कूस बदलायची, थांबायची, पण खडे घरंगळतच राहायचे आणि पाण्याला ढकलायचे.

मी म्हटलं, "म्हणजे माझा कान खोटं बोलत होता?"

"नाही," ती म्हणाली. "कान कधी खोटं बोलत नाही. त्याला जे लागलं ते तो सांगतो. त्याचा अर्थ लावणारा वर बसलाय, चूक त्याची होते."

मग तिने माझं डोकं उजवीकडे धरून तीस मोजले, डावीकडे वळवून तीस मोजले, मग मला कुशीवर लोळवून, नाक जमिनीकडे करून आणखी तीस, आणि मग बसतं केलं. खडे कडीतून गोल फिरवून परत जागच्या जागी सोडले, आम्ही चाळणी तिरकी करून खडा काढायचो ना, अगदी तसे. संपलं. मी उठले आणि दारापर्यंत सरळ चालत गेले. बाहेर तुझे सासरे चेहरा पाडून बसले होते. मी त्यांच्यासमोर एक गिरकी घेतली. बाकीचे पेशंट बघत होते. बघू देत.

पुढच्या आठवड्यात ऐकण्याची तपासणी करायची म्हणाली. मी म्हटलं, माझ्या कानांची तपासणी? माझ्या? बरं, या म्हणाली तर जाते.

तुझी सासू


मंगळवार, २६ मार्च

सूनबाईस,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. तुझे सासरे म्हणाले, "कागद संपवू नकोस, एकदाच खरं लिही."

आधी तपासणीचं सांगते, मग ते दुसरं.

एक छोटीशी खोली, भिंतींना जाड कापड, दार लावलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो. आमचं कप वाजवायचं खातं असंच होतं. भिंतीला पोती लावलेली, कुणी बोलायचं नाही, नुसतं टिंग, टिंग, टिंग. कानांवर चकत्या लावल्या आणि म्हणाली, बारीकसा जरी आवाज आला तरी हात वर करा. मी ऐटीत बसले. जाडे आवाज सगळे पकडले. मग बराच वेळ काही येईना. मला वाटलं ती चहा प्यायला गेली. काचेतून पाहिलं तर ती समोरच होती, यंत्राचं चाक फिरवत माझ्याकडे बघत होती.

बाहेर आल्यावर कागद दाखवला. त्यावरची रेघ उजवीकडे जिन्यासारखी उतरत गेलीय. वरचे, बारीक, कपाच्या काठासारखे सूर माझे गेलेत. सगळ्यात आधी तेच जातात म्हणे. कानात आत गोगलगाईचा शंख असतो आणि त्यात बारीक केसांच्या रांगा. बारीक सुरांचे केस शंखाच्या दाराशीच असतात, त्यामुळे आयुष्यभराचा सगळा गोंगाट त्यांच्या अंगावरून आत जातो. गेलेला केस परत उगवत नाही. तरी एवढी वर्षं टिकले बिचारे, मला तर त्यांना हात जोडावेसे वाटले. तुझे सासरे म्हणाले, "म्हणजे माझं ऐकू येत नाही याला आता कागद मिळाला!" मी म्हटलं, तुमचा सूर जाडा आहे, तो येतो, ऐकायचं नसतं एवढंच.

मग तिने एक लोखंडी चिमट्यासारखं काढलं, दोन दांड्यांचं, आणि तळहातावर आपटून कानाजवळ धरलं. गूं. ऐकू आलं. मग कानात बोळे घालून, वर चकत्या लावून, त्याची दांडी माझ्या मनगटाच्या हाडावर टेकवली. म्हणाली, "कळतंय?" मी मान हलवली.

"कशाने कळलं? कानाने की हाताने?"

सूनबाई, मी हात ओढून घेतला आणि दोन्ही तळवे उलटून बघत बसले. ती म्हणाली, "आजी, बरं वाटत नाहीये का?"

मला आपल्या जुन्या घराच्या स्वयंपाकघरातलं टेबल दिसलं. बटण त्याच्यावर बसलेली, दोन्ही तळवे लाकडावर पसरून. तू दाराशी उभी. तू म्हणत होतीस, "आई, मी हाक मारते तेव्हा ती बघत नाही, डॉक्टरची वेळ घेतलीय." आणि मी म्हटलं, "डॉक्टर कशाला, मी आहे ना." डाव्या हाताने तिला पाठीशी धरलं, पडू नये म्हणून. उजव्या हातात लाकडी टिपरी. मग कप धरायला हात कुठे उरला? कप मी टेबलावर ठेवला. तिच्या मागे. आणि वाजवला.

कप टेबलावर ठेवून वाजवायचा नाही. तीन बोटांच्या टोकांवर लटकता धरायचा, नाहीतर आवाज लाकडात जातो. हा आमच्या खात्यातला पहिला नियम. नव्या पोरींना मी तो ओरडून शिकवलाय. एकीला तर मी रडवलं होतं त्यावरून.

आवाज लाकडात गेला. लाकडातून तिच्या तळव्यांत. ती दचकून वळली. पाच वेळा वाजवला, पाच वेळा वळली. तिच्या हातांनी जे लागलं ते सांगितलं. अर्थ लावणारी वर मी बसले होते.

आणि मी तुला म्हटलं, "तूच तुझे कान तपासून घे." सगळ्यांसमोर. चिरंजीव हसले आणि त्यांनी फोन करून डॉक्टरची वेळ रद्द केली. पुढे दोन वर्षं तू काही म्हणालीस की मी तो कप काढायची. यंत्र दोन वर्षं आधी बसलं असतं. पोरीला शब्द दोन वर्षं आधी मिळाले असते. हे तू मला सहा वर्षांपूर्वी ओरडून सांगितलंस आणि मी म्हणत राहिले, पण वळली होती.

डॉक्टरला मी सगळं सांगितलं. ती मला रागावली नाही, रागावली असती तर बरं झालं असतं. तिथून निघताना खुर्चीच्या पायावर माझी नडगी आपटली. मी चोळायला लागले तर म्हणते, "चोळा, चोळणं वर आधी पोचतं आणि दुखण्याची वाट अडवतं." लागल्याचं कळवणारी तार वेगळी आणि दुखण्याची वेगळी म्हणे. पहिली जलद, दुसरी मागून रमतगमत येते. भट्टीतला गरम कप हाताला लागला की असंच व्हायचं. आधी कळायचं चटका बसला, मग एक श्वासभर काहीच नाही, आणि मग आग.

पोरीला ऐकू येत नाही हे मला सहा वर्षांपूर्वी कळलं होतं. दुखायला आत्ता लागलंय.

चूक माझी होती. सगळी.

तुझी सासू


मंगळवार, ९ एप्रिल

सूनबाईस,

रविवारी चिरंजीव वडलांना म्हणाले की तू माझी पत्रं फेकत नाहीस, खणात ठेवतेस. मला तेवढंही पुष्कळ आहे.

सोबत खोकं पाठवतेय. नीट उघड, आत भुसा आहे, कपड्यांवर उडेल. सहा कप आहेत, तळाला पेन्सिलने आकडे घातलेत. निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने दिलेले. त्यातल्या तिसऱ्याला तडा आहे, डोळ्याला दिसत नाही, पण मी वाजवून ओळखला. बाकीचे पाच चांगले.

हे बटणसाठी आहेत. तुला नको वाटलं तर माळ्यावर टाक, मी विचारणार नाही. (विचारीन.) तिला सांग: कप तीन बोटांच्या टोकांवर धरायचा, लटकता, कुठेही टेकवायचा नाही. दुसऱ्या हाताने पेन्सिलीने काठावर हलकी टिचकी मारायची. चांगला कप बोटांत गुणगुणत राहतो. तडा गेलेला गप्प होतो. यंत्र लावून, यंत्र काढून, तिला हवं तसं. कान नको, बोटं पुरेत. डॉक्टरीण म्हणाली, बोटाच्या टोकाला इतकं बारीक कळतं की डोळ्याला दिसणार नाही एवढी थरथरही सुटत नाही. तिच्या हातांनी एकदा खरं सांगितलं आणि मी ते चुकीचं वाचलं. मला ते हात आता नीट वाचायचे आहेत.

तिसरा कुठला ते तिला आधी सांगू नकोस. आणि ती वेगळंच काही म्हणाली आणि तुमचं जुळलं नाही, तर आमच्यात शाईने निवाडा व्हायचा. कपात शाईचं पाणी भरून दिवसभर ठेवायचं, मग विसळायचं. तडा असेल तर शाई त्यात मुरते, रेघ उठते. शाईपुढे आमचा मुकादमसुद्धा बोलायचा नाही.

तुझी सासू


शुक्रवार, ३ मे

सूनबाई,

पोस्टमनने आज दारावरून पुढे न जाता दार वाजवलं. हातात खोकं बघून मला वाटलं सगळे कप परत आले. उघडलं तर एकच कप, आणि दोन कागद.

पाचवा कप. आणि त्याच्या कानाच्या मुळाशी, केसाएवढी, निळी रेघ!

मी तो उजेडात धरला, तुझ्या सासऱ्यांच्या नाकाला लावला, चष्मा पुसून परत बघितला. पाचवा! जो मी तीनदा वाजवून चांगला म्हणून भुशात ठेवला! माझा तो बारीक सूर गेलाय ना, तो याच्यातच होता. तुझे सासरे म्हणाले, "चाळीस वर्षांत तुझ्या हातून कप सुटला नाही म्हणतेस, हा कसा सुटला?" मी म्हटलं, सुटला नाही, तो नातीच्या हाती लागला. आणि मी रडत होते की हसत होते ते मलाच कळेना, नाकातून पाणी मात्र येत होतं.

बटणचं पत्र तुला माहीत आहे, तरी मला ते उतरवून काढायचंय, परत परत वाचता येतं म्हणून.

"आजी, मी यंत्र काढून टेबलावर ठेवलं कारण मला फक्त बोटांनी करायचं होतं. पहिला खूप वेळ गुणगुणतो. तिसरा लगेच गप्प. पाचवा गुणगुणतो पण लवकर दमतो. आई म्हणाली पाचवा चांगला आहे, आजीने लिहिलंय. मी म्हणाले आजी चुकली. आई म्हणाली शाई घालू. मी जिंकले. तू कारखान्यात होतीस तेव्हा तुला कोणी हरवलं होतं का?"

नाही गं बाई, कोणी नाही. तू पहिली. "लवकर दमतो" असं तडा गेलेल्या कपाला आमच्या खात्यात कुणी म्हटलं नव्हतं. एवढ्या बायका होत्या, एकीला सुचलं नाही.

आणि तुझा कागद. तो मी उतरवत नाही, तो पाठ झालाय. राग गेला असं तू लिहिलं नाहीस, ते बरं केलंस, मी विश्वास ठेवला नसता. ती दोन वर्षं परत येत नाहीत, हेही खरं, त्यावर मी काही म्हणणार नाही. पण शेवटी तू लिहिलंस, "शाईची रेघ उठली तेव्हा ती नाचली, आणि मी तिला म्हटलं हे तुझ्या आजीचं काम होतं. तिला तुम्हाला बघायचंय. या. मात्र आल्यावर परीक्षा ती घेणार. तळवे टेबलावर तुम्ही ठेवायचे, कानात बोळे घालून, आणि कप ती वाजवणार."

पंधरा तारखेची गाडी आहे. दोन तिकिटं काढलीत. डॉक्टरणीने सांगितलंय, उतरताना एकदम मान वळवू नका.

सध्या रोज जेवणं झाली की मी टेबलाशी बसते, कानात कापूस घालून, डोळे मिटून, तळवे पसरून. तुझे सासरे मागे उभे राहून कप वाजवतात. मी वाजला म्हणते तेव्हा त्यांनी वाजवलेला नसतो, आणि वाजवतात तेव्हा मी नुसती बसलेली असते. दहात दोन आलेत आजवर. ते म्हणतात, "राहू दे, नापास होशील."

होईन तर होईन. तिला सांग, आजी तळवे उचलणार नाही.